हवामानाचा इशारा सांकेतिक भाषेत: प्रकल्प नोंदी, जळगाव

९ मार्च २०२५

आजपासून नोंदी ठेवतो आहे. काम असं: हवामानाचा किंवा पिकाचा मराठी इशारा मजकूर म्हणून आत टाकायचा, आणि तोच इशारा भारतीय सांकेतिक भाषेत साइन करणारा अवतार (पडद्यावरची हलती मानवी आकृती) बाहेर मिळवायचा. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवता येईल एवढा छोटा व्हिडिओ.

हवामानच का, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनमध्ये एखाद्या दुपारी वादळ सुटलं की घड लागलेली केळीची बाग बघता बघता आडवी होते. आधी कळलं तर शेतकरी कापणीला आलेले घड उतरवून घेतो, उरलेल्या झाडांना टेकू देतो, माणसं आणि गुरं झाडाखालून हलवतो. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. विजांचा तातडीचा इशारा पुढच्या तीन तासांपुरता असतो. हे सगळं येतं ते मजकुरात, नाहीतर आवाजात.

"मग वाचावं की त्यांनी," असं बरेच जण म्हणतात. त्याचं उत्तर ताईंनी दिलं. ताई जन्मापासून कर्णबधिर आहेत, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात, आणि या कामात खुणांबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी लिहून पाठवलं: "भाऊ, मराठी आमची दुसरी भाषा. तुम्ही औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता, तसं आम्ही मराठी वाचतो. कळतं, पण घाईत चुकतं." इशारा तर घाईतच वाचायचा असतो.

१६ मार्च

आधी झालेलं काम चाळलं. या क्षेत्रातला सर्वांत जास्त वापरला गेलेला डेटासेट (संगणकाला शिकवायचा नमुन्यांचा संच) योगायोगाने हवामानाचाच आहे. जर्मन टीव्हीवरच्या अंदाजांचा, फिनिक्स-२०१४टी नावाचा. ८,२५७ वाक्यं, नऊ साइनर. मजकुरातून थेट हालचाल तयार करणारा प्रोग्रेसिव्ह ट्रान्सफॉर्मर २०२० मध्ये इंग्लंडच्या सरे विद्यापीठातल्या सॉन्डर्स, कॅमगोझ आणि बाउडन यांनी यावरच उभा केला. पण या व्हिडिओंत साइन करणारे ऐकू येणारे दुभाषे आहेत. कार्यक्रम चालू असताना कानावर पडेल तसं हातावर आणणारे. त्यामुळे मला त्यांच्या खुणांच्या मागे बोललेल्या जर्मन वाक्याची सावली दिसते. आपल्याकडे साइन करणारे कर्णबधिरच असले पाहिजेत, हे आजच ठरवून टाकलं.

आणि जर्मन खुणा आपल्या कामाच्या नाहीत. सांकेतिक भाषा जगभर एकच असते हा समज अजून शिकल्यासवरल्या लोकांतही आहे. आपल्याकडे २०२० चा इन्क्लूड डेटासेट आहे, २६३ शब्दांच्या खुणांचा. २०२४ चा आयसाइन आहे, त्यात व्हिडिओ आणि इंग्रजी वाक्यांच्या लाखाहून जास्त जोड्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेला. मोठं काम आहे, आणि आपण त्याच्याच खांद्यावर उभे राहणार. पण मृगबाग (जूनमध्ये लावलेली केळी), कांदेबाग (ऑक्टोबरात लावलेली), करपा (पानांवरचा रोग), घडाला घालायची स्कर्टिंग बॅग असलेली वाक्यं आपल्यालाच रेकॉर्ड करावी लागतील.

५ एप्रिल

शूटिंग सुरू. शाळेचा हॉल, मागे निळा पडदा, समोर एक कॅमेरा आणि बाजूला एक. हात वेगात फिरला की बोटं पुसट होतात आणि पुढचं सगळं बिघडतं, म्हणून शटर खूप वेगवान ठेवलं. वेगवान शटरला उजेड जास्त लागतो. उजेड वाढला की उकाडा वाढतो. पंखे लावले तर पडदा हलतो. एप्रिलच्या जळगावात ताई आणि बाकीचे साइनर तशा हॉलमध्ये दिवसभर उभे राहतात, याची नोंद इथे असली पाहिजे.

व्हिडिओतून सांगाडा, म्हणजे अंगाच्या ठरावीक बिंदूंच्या जागा, काढायला मीडियापाइप हे सॉफ्टवेअर वापरतो आहोत. प्रत्येक फ्रेममध्ये ५४३ बिंदू: शरीराचे ३३, प्रत्येक हाताचे २१, चेहऱ्याचे ४६८. एकेकटा हात छान पकडतो. दोन्ही हात एकमेकांना लागले की गोंधळ. आपल्याकडे रोमन अक्षरं दोन हातांनी करतात. ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरं एका हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर दुसऱ्या हाताचं बोट टेकवून होतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ओळीने. ट्रॅकर एक बोट सरकला की अक्षर बदललं. समोरच्या कॅमेऱ्याला कोणतं बोट कशाला टेकलं ते कळत नाही. बाजूच्या कॅमेऱ्याला कळतं. दोन्ही जुळवून तिसरी मिती काढायची, असं ठरलं.

साइनरांना मानधन देतो आहोत. लेखी संमती घेतली, आणि ती संमतीपत्रं ताईंनी आधी साइन करून समजावली. मूळ व्हिडिओ कुणाला दिले जाणार नाहीत. पुढे जाईल तो फक्त सांगाडा.

२६ एप्रिल

आजचं सविस्तर लिहितो.

वाक्य होतं: "जिल्ह्याच्या उत्तर भागात रावेर, यावल, चोपडा तालुक्यांत वादळी वाऱ्यासह पावसाची शक्यता." ताईंनी कागद वाचला, बाजूला ठेवला, आणि थोडा वेळ समोर नुसत्या पाहत राहिल्या. मग डोळ्यांच्या उंचीवर आडवा हात फिरवून सातपुडा उभा केला. त्याच्या खाली उजवीकडून डावीकडे तापी वाहवली. दोघांच्या मध्ये, उजव्या बाजूला रावेर, मग यावल, डावीकडे चोपडा, एकेक गाव बोटाने रोवलं. नकाशा लागला. मग डोंगराकडून दोन्ही पंजे पसरून वारा खाली आणला, गाल फुगले, खांदे झुकले, आणि वारा त्या तिन्ही ठिकाणांवरून नेला. शेवटी खाली, पोटाजवळ, चाळीसगाव-पाचोऱ्याच्या जागेवर तळवा सपाट धरला. तिथे काही नाही.

चाळीसगाव वाक्यात नव्हतंच. मी विचारलं. ताईंच्या मुलाने दुभाष्याचं काम केलं (तो ऐकू येणारा, पण साइन करतच मोठा झाला). ताई म्हणाल्या, "उत्तरेला आहे म्हटलं तर दक्षिणेचा माणूस विचारणारच, माझ्याकडे काय? सांगून टाकलं."

दुसऱ्या साइनरने तेच वाक्य केलं, तर नकाशा उभा न धरता पोटाच्या पातळीवर आडवा पसरला, उत्तर अंगापासून लांब. तेही तितकंच बरोबर, ताईंना लगेच पटलं. दोन्ही घेतले.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. ताई माहेरी गेल्या, शूटिंग बंद. सांगाड्यांची साफसफाई चालू.

१८ मे

पहिलं मॉडेल चाललं. वाक्य आत जातं, डीकोडर (मॉडेलचा हालचाल काढणारा भाग) एकामागून एक फ्रेम काढतो, आणि सोबत ० ते १ असा एक आकडा काढतो, म्हणजे वाक्य किती संपलं त्याचा. प्रत्येक सांध्याची खरी जागा आणि काढलेली जागा यांतल्या अंतराचा वर्ग, तो लॉस, म्हणजे मॉडेलने कमी करायची चूक. आलेख सुरेख उतरला.

क्लिप ताईंना दाखवल्या. हात छातीसमोर हळूहळू फिरतात, बोटं अर्धवट मिटलेली, वारा सुटतच नाही. ताई म्हणाल्या, "हात दिसतात. कोण काय सांगतंय ते दिसत नाही."

कारण २६ एप्रिलच्या नोंदीत आहे. एकाच वाक्याला एक नकाशा उभा, एक आडवा. अंतराचा वर्ग कमी करायचा तर मॉडेलला दोघांच्या मधली जागा सर्वांत स्वस्त पडते. तिथे काढलेला नकाशा उभाही नसतो आणि आडवाही. बोटांचं तेच. एका साइनरची खूण दोन फ्रेम आधी सुरू होते, दुसऱ्याची नंतर, आणि सरासरीत बोट ना उघडं ना मिटलेलं. दोन बरोबर उत्तरांची सरासरी कुणाच्याच भाषेतली खूण होत नाही. आणि आपला लॉस नेमका तिलाच बक्षीस देतो.

म्हणून आता हालचालीचे छोटे तुकडे करून त्यांचा कोश बनवतो आहोत. उजवा हात, डावा हात, धड आणि चेहरा यांचे वेगवेगळे. मॉडेलने दर पावलाला कोशातला एक तुकडा निवडायचा. निवड करावी लागली की मधलं काही उरत नाही.

२५ मे

निवड करणाऱ्या मॉडेलमध्ये वारा सुटला! बोटं ताठ पसरतात, अंगात जोर दिसतो. सगळी टीम उठून उभी राहिली.

पण रावेर उजवीकडे रोवलं आणि वारा डावीकडे उतरला. दुसऱ्या क्लिपमध्ये तापी सातपुड्याच्या वर. प्रत्येक खूण सुटी पाहिली तर स्वच्छ, मिळून जिल्हा चुकीचा.

७ जून

सरकारी सूचनांत नेहमी असतं तसं एक वाक्य यादीत होतं: "ढगांचा गडगडाट ऐकू येताच सुरक्षित ठिकाणी आसरा घ्या." ताईंनी कागद परत केला. साइन करणार नाही म्हणाल्या.

आज रावेर तालुक्यातले आप्पाही आले होते. केळी करतात, लहानपणी काही वर्षं शाळेत राहून साइन शिकले. मग त्या दोघांत आणि बाकीच्या साइनरांत बराच वेळ बोलणं झालं, मी आणि ताईंचा मुलगा बाजूला. गडगडाट आप्पांना छातीत जाणवतो, पण तेव्हा वीज डोक्यावर आलेली असते. ऐकणाऱ्या माणसाला चमक आणि आवाज यांच्यातल्या वेळावरून अंतर कळतं, कारण आवाजाला एक किलोमीटरला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, हा नेहमीचा नियम. कर्णबधिर माणसाकडे फक्त चमक असते. अंतराचा हिशोब त्याच्या हाती नाही, म्हणून कुठेही चमकली तरी निघायचं. आप्पा स्वतः काय बघतात, तर उन्हात एकाएकी गार वारा, धुळीची भिंत, बैलांचे कान.

ताईंनी वाक्य नव्याने बांधलं: काळे ढग उभे राहिले, किंवा लांब कुठेही वीज चमकताना दिसली, की लगेच पक्क्या घरात. झाडाखाली नको. मोबाइल खिशात, कंपन चालू.

दहा लाख वाक्यं शिकवली तरी मॉडेलने हे केलं नसतं. त्याने "ऐकू येताच" इमानदारीने कानाकडे हात नेऊन साइन केलं असतं, आणि आपण भाषांतर अचूक आलं म्हणून मोजलं असतं. आजपासून मजकूर आणि मॉडेल यांच्यामध्ये एक पायरी: इशारा ज्याच्यासाठी आहे त्याच्या अंगाने वाक्य फिरवून घेणं. ती पायरी ताईंची.

२८ जून

चेहरा. "वारा सुटला तर फवारणी करू नका", "वारा सुटला आहे, फवारणी करू नका" आणि "वारा सुटेल का?" या तिन्हींत 'वारा'ची खूण हातावर जवळजवळ तीच. पहिल्यात भुवया वर, मान किंचित पुढे, मग क्षणभर थांबणं आणि भुवया खाली. शेवटी नकाराची खूण आणि तिच्यासोबत मान हलणं. कृषी सल्ला तर अटींनीच भरलेला असतो: पाऊस थांबला की, वाफसा आला तर, घड निसवले असतील तर. भुवई गेली की अट जाते. उरतो सरळ हुकूम.

मॉडेल भुवया विसरत होतं, याचंही कारण मोजमापातच. हात अर्धा मीटर फिरतो, भुवई काही मिलिमीटर. अंतर मोजणाऱ्याला भुवईची चूक दिसतच नाही. चेहऱ्याचा कोश आधीच वेगळा होता. आता त्याचं वजनही वेगळं केलं, आणि ४६८ बिंदूंऐवजी भुवया, पापण्या, गाल, ओठ, मान यांच्या थोड्याच ठळक हालचाली ठेवल्या. वेळही जुळावी लागते. अटीच्या पहिल्या खुणेसोबतच भुवया चढल्या पाहिजेत. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सात-आठ फ्रेम उशीरसुद्धा ताईंना खटकतो.

२० जुलै

आत काय द्यायचं तेच बदललं. नुसत्या वाक्यात रावेर कुठे, वाऱ्याचा जोर किती, अट कुठे संपते हे लिहिलेलं नसतं. साइन करणाऱ्याला ते ठरवावंच लागतं. मॉडेलकडून आपण ते अंदाजाने काढून घेत होतो. आता वाक्यासोबत आराखडा जातो. आजचा एक जसाच्या तसा:

मजकूर: संध्याकाळी रावेर, यावल, चोपडा भागात जोराचा वारा आला तर फवारणी थांबवा.
वेळ: आज, संध्याकाळ (सुरुवातीला)
नकाशा: उभा. सातपुडा वर, तापी मध्ये. गावं अक्षांश-रेखांशावरून.
वारा: डोंगराकडून, जोर मोठा.
अट: 'वारा'पासून 'आला'पर्यंत.
शांत भाग: चाळीसगाव, पाचोरा.
कृती: फवारणी थांबवणे. नकार शेवटी.

गावांच्या जागा खऱ्या नकाशावरून काढून साइनरच्या समोरच्या जागेत बसवतो, आणि नकाशा उभा की आडवा हे प्रत्येक क्लिपला एकदाच ठरतं. आराखड्याचा कच्चा खर्डा भाषा-मॉडेल काढतं, पक्का ताई आणि त्यांचे दोन माजी विद्यार्थी करतात. सल्ल्यांची वाक्यं ठरावीक साच्यातली असल्याने हात लवकर बसतो.

नव्या क्लिपमध्ये वारा रावेरवरच उतरतो.

३ ऑगस्ट

घरी कानबाईचा सण. आज आणि उद्या काम नाही. ट्रेनिंग चालू ठेवून आलो.

२३ ऑगस्ट

आकड्यांचा निर्णय घेतला. मॉडेल ४४ अंशांचे कधी ४० करतं, आणि इतक्या सफाईने करतं की बघणाऱ्याला शंका येत नाही. म्हणून आकडे, तारखा, गावांच्या खुणा आणि इशाऱ्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग मॉडेलकडून काढायचेच नाहीत. ते साइनरांच्या रेकॉर्ड केलेल्या सांगाड्यातून जसेच्या तसे येतील, मॉडेल फक्त आधीचं-नंतरचं आणि सांधे करेल. गावांच्या खुणा त्या त्या भागातल्या लोकांनी ठरवलेल्या असतात, त्या त्यांच्याकडूनच घेतल्या. एका मित्राने विचारलं, मग याला मशीन लर्निंग म्हणायचं का? मला माणूस घरी सुखरूप पोचायला हवा आहे. नाव काहीही द्या. व्हिडिओखाली मूळ मजकूर कायम राहील, म्हणजे खूण आणि अक्षर यांत फरक पडला तर घरातलं कुणीतरी पकडेल.

१४ सप्टेंबर

आप्पांच्या ओट्यावर चाचणी.

"कळलं का?" असं विचारायचं नाही, हा ताईंचा नियम. पाहुण्यांसमोर सगळेच मान हलवतात. क्लिप एकदा दाखवायची, मोबाइल उलटा ठेवायचा, आणि विचारायचं: काय होणार, कुठे, तुम्ही काय कराल?

आप्पांनी क्लिप पाहिली आणि सांगायच्या आधी ओट्यावर वळून बसले. त्यांच्या अंगणातून सातपुडा दिसतो. त्याच्याकडे तोंड करून वारा तिथूनच आणला, स्वतःच्या बागेवर, आणि मग कापणीचे घड उतरवून ट्रॅक्टरमध्ये भरले, उरलेल्यांना टेकू दिला. सगळं बरोबर. दुसऱ्या क्लिपला मोबाइल हातात धरूनच वळले. पडद्यावरचा सातपुडा खऱ्या सातपुड्याशी जुळवून घेतला. मोबाइलमधलं होकायंत्र वापरून नकाशा फिरवता येईल का, ते बघायचं आहे.

एका क्लिपमध्ये अवतारचा अंगठा उलटा वळला होता, आप्पांनी तिथल्या तिथे दाखवलं. आणि ते सारखे चेहऱ्यावर झूम करत होते. अवतार कमरेपासून वर घ्यायचा, चेहरा मोठा.

मग गावातल्या दोघी आल्या, दोघी शेतमजूर. शाळा कधी पाहिली नाही. घरात ठरलेल्या खुणांवरच आयुष्य काढलेलं. वारा कळला, केळी पडणं कळलं, झाडाखाली थांबू नको हेही कळलं. रावेर-यावल कळलं नाही, वार कळला नाही, नारिंगी-लाल इशाऱ्याचा अर्थ कळला नाही. एकीला घरी सांगणारी तिची जाऊ आहे, "काय करी ऱ्हायना भाऊ?" म्हणत तीच आधी माझ्याकडे आली होती. दिवसाचं सगळं तिच्या हातांतून या बाईपर्यंत पोचतं. जाऊ बाजाराला गेलेली असेल त्या दुपारचं काय, हा प्रश्न माझ्या प्रकल्पाने सुटलेला नाही. मोठ्या माणसांना साइन शिकवणारे वर्ग गावात हवेत, त्याची जागा कोणताही अवतार घेऊ शकत नाही. तोवर अशा घरांसाठी वेगळी छोटी क्लिप करणार: वारा, झाड, घर, सूर्य कुठे असेल तेव्हा. गावाचं नाव नाही, रंग नाही.

२३ सप्टेंबर

आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. शाळेत ताईंनी काम दाखवलं. मुलांनी अवताराला सर्वांत आधी नाव-खूण दिली, मग त्याच्या चुका काढायला बसली. चुकांची यादी ताईंच्या वहीत आहे, त्यातल्या बऱ्याच ओठांच्या.

संशोधनात सहसा तयार हालचाल दुसऱ्या मॉडेलला देऊन तिचा परत मजकूर करून घेतात आणि मूळाशी ताडून पाहतात. तो आकडा आम्हीही काढला. पण ताडून पाहणारं मॉडेलही त्याच वाक्यांवर शिकलेलं आहे, आणि नकाशा उलटा असलेल्या क्लिपलाही ते चांगले गुण देतं. म्हणून अहवालात आप्पांच्या ओट्यावरची पद्धत वर, हा आकडा खाली. कर्णबधिर परीक्षकाने पाहिल्याशिवाय एकही क्लिप बाहेर जाणार नाही. तातडीच्या विजेच्या इशाऱ्याला तेवढा वेळ नसतो, त्यासाठी आधीच तपासून ठेवलेल्या क्लिपच वापरायच्या, फक्त गाव आणि वेळ बदलून.

पुढचं काम थंडीचं. कांदेबागेची लागण ऑक्टोबरात होईल, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की केळीला चरका (थंडीचा फटका) बसतो. रात्री पाणी द्या, बागेच्या कडेने धूर करा, ही वाक्यं अजून रेकॉर्ड झालेली नाहीत. शनिवारपासून शूटिंग. त्या दोघींना जळगावला आणता येईल का, ते जाऊ विचारून कळवणार आहे. त्यांच्या घरच्या खुणाही, त्यांची तयारी असेल तर, रेकॉर्ड करायच्या आहेत.